१९११ पिस्तूल आणि हलकी काडतुसे: १२ पौंडी स्प्रिंग की १४ पौंडी?

अमेरिकेत बुल्सआय नेमबाजीचं (कागदी लक्ष्यावर एका हाताने पिस्तूल मारायच्या खेळाचं) वेड लागलं की वर्षभरात माणूस काडतुसं घरी भरायला लागतो. कागदाला भोक पाडायला २३० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) फौजी काडतुसाचा दणका सोसायची गरज नसते. २०० ग्रेनची शिशाची सेमी-वॉडकटर (कागदाला स्वच्छ भोक पाडणारी, खांदा असलेली) गोळी आणि साडेसातशे फूट प्रतिसेकंदाच्या आसपासचा वेग एवढं पुरतं. मात्र पाच इंची नळीच्या १९११ मधली, स्लाइडची (गोळी सुटली की मागे जाऊन पुन्हा पुढे येणाऱ्या वरच्या भागाची) मूळची १६ पौंडी स्प्रिंग बेतलेली असते भारी काडतुसासाठी. हलक्या धक्क्याने स्लाइड पुरती मागे जात नाही, रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकते, मॅगझीन संपलं तरी स्लाइड उघडी राहत नाही. त्यामुळे १६ चा विचार मी लवकर सोडला. प्रश्न उरतो तो १२ की १४ हा.

दोन्ही मी एकेक हंगाम वापरल्या आहेत, त्याच पिस्तुलात, त्याच काडतुसांवर.

१२ हातात पहिल्या दिवसापासून आवडते. स्लाइड हळुवार मिटते, नळीचं तोंड खाली झुकत नाही, माशी (नेम धरायचं नळीवरचं पुढचं टोक) आपसूक जागेवर येते. दहा सेकंदांत पाच गोळ्या मारताना हे सुख मोठं आहे. पुंगळ्या जरा लांब उडतात, गवतात शोधाव्या लागतात, पण ते चालवून घेता येतं.

चालवून घेता आलं नाही ते वेगळंच. स्प्रिंगला दोन कामं असतात: मागे जाणाऱ्या स्लाइडला आवरायचं, आणि पुढे येताना मॅगझीनमधलं काडतूस उचलून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत) बसवायचं. हलकी स्प्रिंग निवडताना आपण पहिल्याच कामाचा विचार करतो. सेमी-वॉडकटरला धारदार खांदा असतो, तो आत जाताना घासतो. शिशाच्या गोळीचं मेण आणि काजळी चेंबरमध्ये साचत जाते. स्वच्छ पिस्तुलात माझ्या १२ ने कधीच दगा दिला नाही. पण ९०० गुणांच्या सामन्यात ९० गोळ्या असतात, आणि रॅपिड फायरच्या वीस येतात अगदी शेवटी, पिस्तूल सगळ्यात मळलेलं असताना. तिथेच स्लाइड मिटताना केसभर उघडी राहायची. ट्रिगर दाबावा तर काहीच नाही, कारण स्लाइड पूर्ण मिटल्याशिवाय डिस्कनेक्टर घोडा सुटू देत नाही. नियमाप्रमाणे ती फेरी पुन्हा मारायला मिळते, पण विस्कटलेलं मन घेऊन मारलेल्या त्या पाच गोळ्या आधीसारख्या जात नाहीत. एका हंगामात हे तीनदा झालं, तिन्ही वेळा सत्तराव्या गोळीनंतर.

काडतुसाचं तोंड किंचित घट्ट आवळून पाहिलं, मधल्या सुट्टीत चेंबरला ब्रश मारला. त्रास कमी झाला, गेला नाही. १४ घातली आणि गेला. नळी थोडी झुकते हे खरं, पण महिन्याभरात हाताला सवय झाली.

१२ च्या बाजूनेही बोलायला हवं. रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचं भिंग) थेट स्लाइडवर बसवला असेल तर स्लाइड जड होते आणि १४ तिला पुरती मागे जाऊ देईलच असं नाही. घोड्याची स्प्रिंग मूळची २३ पौंडी असेल तर तीही स्लाइडला मागे जाताना अडवते. माझ्यात १९ पौंडी आहे, त्यामुळे १४ ला सोपं जात असावं. आणि फक्त २५ यार्डांसाठी याहून मवाळ काडतुसं भरत असाल, तर १२ च घ्यावी लागेल बहुधा. मात्र ती आत असताना फौजी काडतुसं मारू नयेत. स्लाइड फ्रेमवर आपटते.

दोन्ही स्प्रिंगा मागवा, फार महाग नसतात. मॅगझीनमध्ये एकच काडतूस घालून, पकड जरा सैल ठेवून मारा आणि गोळी सुटल्यावर स्लाइड मागेच अडकून उघडी राहते का ते पाच-सहा वेळा पाहा. १४ वर राहत असेल तर मी १४ वरच थांबेन. ही तपासणी घरून पुसून आणलेल्या पिस्तुलावर करू नका. ऐंशी गोळ्या होऊ द्या, मग करा.