आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला: हाताने भरायचा, भरायला द्यायचा, की दुसराच बसवायचा?

व्हॉल्व्हचा रेडिओ लावला, डायलचा दिवा लागला, पण स्पीकर मुका. मीटर म्हणतो आउटपुट ट्रान्सफॉर्मरची (व्हॉल्व्हचा आवाज स्पीकरला पोचवणारा) प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडची वाइंडिंग, ओपन. सेट लगेच बंद करा. व्हॉल्व्हच्या प्लेटला व्होल्टेज नसलं की स्क्रीन ग्रिड (आतली जाळी) जास्त करंट ओढून लालभडक होते आणि ट्रान्सफॉर्मरपाठोपाठ व्हॉल्व्हही जातो. कपॅसिटर डिस्चार्ज करून मगच आत हात घाला.

काही ठरवण्याआधी वरचा कागद सोडवून बघा. दमट हवेत बारीक तार बरेचदा लीडच्या सांध्याशीच हिरवी पडून तुटते. तसं असेल तर एका डागात काम संपलं.

नाहीतर तीन वाटा. उदाहरणाला स्पीकर चालवणारा एकच ईएल-८४ व्हॉल्व्ह घेऊ: प्लेटवर २५० व्होल्ट, करंट ४८ मिलिअँपिअर, लोड ५,२०० ओहम, स्पीकर ८ ओहमचा. ५,२०० भागिले ८ म्हणजे ६५०, त्याचं वर्गमूळ साडेपंचवीस. ओहमचं गुणोत्तर फेऱ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग असतं, म्हणून प्रायमरीचे फेरे सेकंडरीच्या (स्पीकरकडच्या वाइंडिंगच्या) साडेपंचवीस पट हवेत.

आता गंमत बघा, २३० ला ९ ने भागलं तरी साडेपंचवीसच येतात! म्हणजे साधा ९ व्होल्टचा मेन्स ट्रान्सफॉर्मर गुणोत्तराला चपखल बसतो. पीए सिस्टिमच्या (सार्वजनिक लाउडस्पीकरच्या) १०० व्होल्ट लाइन ट्रान्सफॉर्मरचा २ वॉटचा टॅपही ५,००० ओहम देतो. पण दोन्हींत एअर गॅप (कोअरमधली बारीक फट) नसते. प्रायमरीतून सतत डीसी वाहतो, कोअर सॅच्युरेट होतो आणि खर्ज हरवतो. स्टॅम्पिंग (कोअरच्या ई आणि आय आकाराच्या लोखंडी पट्ट्या) सुटत असतील तर सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला लावा आणि मधे पातळ कागद घाला. ट्रेबल थोडा मंदावेल, पण मीडियम वेव्हवर तसाही कुठे असतो? फक्त बातम्या आणि जुनी गाणी ऐकायची असतील तर मी हेच करीन.

भरायला देणं दिसतं सोपं. पण मोटर भरणाऱ्यांचा हात बसलेला असतो पंपाच्या जाड तारेवर, ३८ गेजची बारीक तार बघून बरेच जण नाहीच म्हणतात. मला एकाने भरून दिला. फेरे अचूक, पण स्टॅम्पिंग मेन्स ट्रान्सफॉर्मरसारखे आलटूनपालटून बसवलेले. चूक निम्मी माझी, गॅपचं मी सांगितलंच नव्हतं. द्यायचाच तर फेरे, गेज, गॅप सगळं कागदावर लिहून द्या.

हाताने भरायचा तर प्रायमरी मोजत बसू नका, तिथे हजारो फेरे असतात. सेकंडरी मात्र उलगडताना एकेक फेरा मोजा. ती ११८ भरली तर प्रायमरी साधारण ३,०००. प्रायमरीला ३८ गेज, सेकंडरीला २२. हँडड्रिल व्हाइसमध्ये आडवा धरून त्यात बॉबिन बसवा. मोजायला जुना कॅल्क्युलेटर: बरोबरच्या (=) बटणाला रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) जोडायचा, फिरत्या भागावर चुंबक, आणि आधी एक अधिक एक दाबून ठेवायचं.

अडीच सेंटिमीटर रुंद बॉबिनवर एका थरात जेमतेम १४० फेरे बसतात, म्हणजे बावीसेक थर, आणि प्रत्येक थरावर कागद. कडेचा फेरा खालच्या थरात घसरला तर तिथेच पुढे शॉर्ट होतो, म्हणून दोन्ही कडांना दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा; त्याने थर वाढले तरी चालतील. अर्धी प्रायमरी, मग सेकंडरी, मग उरलेली प्रायमरी अशी भरली की ट्रेबल खुलतो. हे फेरबदल स्वतः भरताना फुकट मिळतात, म्हणून मूळ कोअर आणि मूळ आवाज दोन्ही हवे असणाऱ्याने हीच वाट धरावी. दोन संध्याकाळी जातात, मानही धरते.

पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने चालणाऱ्या) अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून मात्र सुरुवात नको. तिथे गॅप लागत नाही, पण प्रायमरीचे दोन्ही अर्धे जुळावे लागतात आणि सेक्शनही जास्त पाडावे लागतात.

तार मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा. प्रायमरीला साठेक ग्रॅम पुरते. तरी दुप्पट घ्या, पहिली बॉबिन बिघडणारच.