पीयू पॉलिशसाठी स्लो थिनर: महाग आहे पण घ्याच

सागवानी मेन डोअर आणि डायनिंग टेबलला टू-के पीयू (बेस आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून मारायचं पॉलियुरेथेन पॉलिश) मारून घेतलं, मॅट क्लिअर, आणि थिनर मुद्दाम त्याच कंपनीचा पीयू थिनर घेतला, तोही स्लो (हळू उडणारा) आणि सीलबंद डब्यातला. साध्या एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) थिनरपेक्षा बराच महाग पडतो, आमचे पॉलिशवाले मामा पण म्हणत होते की थिनर काय सगळा सारखाच, पातळ करायलाच तर लागतो. पण नाही हो, सारखा नसतो!

पीयू नुसतं वाळत नाही, त्यात हार्डनरमधलं आयसोसायनेट बेसमधल्या हायड्रॉक्सिलला (ओएच गटाला) जोडलं जातं तेव्हा ती कडक फिल्म बनते. एनसी थिनरमध्ये बहुतेक वेळा अल्कोहोल असतं, त्यालाही हायड्रॉक्सिल, मग हार्डनर बेसऐवजी थिनरशीच रिअॅक्ट होत बसतो. वरून सुकलेलं दिसतं पण नख लावलं की खूण उठते, आणि कितीही थांबा, ते पुढे नीट कडक होत नाही कारण हार्डनरच खर्च झालेला असतो.

थिनरमधलं पाणी तर त्याहून वाईट. २२ टक्के आयसोसायनेटवाला हार्डनर धरला तर १ ग्रॅम पाणी जवळपास २१ ग्रॅम हार्डनर खातं, वर कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याचेच ते बारीक फुगे आणि पिनहोल (सुईएवढी भोकं). म्हणून युरेथेन ग्रेड, म्हणजे पीयूसाठीच्या सॉल्व्हंटमध्ये पाणी ०.०५ टक्क्याच्या आत ठेवतात. पावसाळ्यात ड्रममधून सुटा मिळणारा थिनर पीयूला अजिबात घेऊ नका.

आता स्लो कशाला? थिनरमधले सॉल्व्हंट बघा: इथिल अॅसिटेट ७७ डिग्रीला उकळतं, ब्युटाइल अॅसिटेट १२६ ला, पीएमए (हाही एक अॅसिटेटच) १४६ ला. फास्ट थिनर झटकन उडाला की कोट पसरायच्या आधीच बसतो, संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो, शिवाय पृष्ठभाग गार पडून दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. स्लोने फ्लो मस्त आला, टेबलवर एक फुगा नाही. अॅसिटेटचा अजून एक फायदा, ते हायड्रॉक्सिलला थोडं अडवून धरतात त्यामुळे डब्यातली रिअॅक्शन झायलीनसारख्या सॉल्व्हंटपेक्षा सावकाश चालते, आणि फिल्ममधून उडून गेले की मग वेग घेते. फक्त कोट पातळच मारा, जाड मारलात तर स्लो थिनर खाली अडकतो आणि फिल्म बरेच दिवस मऊ राहते.

तक्रारी दोनच. पाण्याचं प्रमाण डब्यावर छापलेलं नाही, ते खरंतर सगळ्यात मोठ्या अक्षरात हवं. आणि झाकण एकदा उघडलं की परत घट्ट बसत नाही, त्यामुळे १ लिटरचाच डबा घ्या, उरलेला पुढच्या कामाला ठेवू नका, स्प्रे गन धुवायला वापरून टाका. आणि स्प्रे करताना कार्ट्रिजवाला मास्क पाहिजेच, साध्या रुमालाने आयसोसायनेट अडत नाही, आणि आयसोसायनेटने दमा लागू शकतो, कारागिराला स्वतः आणून द्या.