अंबडचं अल्युमिनियम-सिलिकॉन कार्बाइड जॉबवर्क: प्लेट भरते, कोपरा तपासून घ्या

पॉवर मॉड्यूलखालच्या (मोठी वीज हाताळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ठोकळ्याखालच्या) अल्युमिनियम-सिलिकॉन कार्बाइड बेसप्लेट आता नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जॉबवर्कवर करून मिळतात. काम बरं आहे, पण नुसतं ड्रॉइंग हातात देऊन मोकळं होता येत नाही.

पद्धत स्क्वीझ कास्टिंगची. जाड आणि बारीक अशा दोन ग्रिटची (दाण्यांची) सिलिकॉन कार्बाइड पावडर बाइंडर (चिकटद्रव्य) घालून दाबतात, बाइंडर जाळतात, तयार झालेली सच्छिद्र वडी तापवून डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवतात आणि वितळलेलं अल्युमिनियम ओतून वरून प्रेस लावतात. दाबाशिवाय जमत नाही, कारण 750 अंशांना हा धातू सिलिकॉन कार्बाइडवर पसरतच नाही. अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन बसतो. एक मायक्रॉन त्रिज्येच्या छिद्रात त्याला घुसवायला साधारण 15 बार दाब लागतो. छिद्र निम्मं झालं की दाब दुप्पट. प्रेसकडे याच्या कितीतरी पट ताकद असते, त्यामुळे घोडं अडतं ते तापमानावर. वडी गार असली की धातू शिरता शिरता गोठतो, मग मागून कितीही टन लावा. इथलं ढिलेपण नेमकं तिथेच आहे: भट्टीतून डायपर्यंत नेताना वडीचे कोपरे आधी गार होतात. मधला भाग गच्च, एखादा कोपरा कोरडा.

पाण्यात वजन करून घनता काढली तर 63 टक्के कार्बाइडच्या प्लेटला घन सेंटीमीटरला 3.0 ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. 2.85 आला तर पाच टक्के पोकळी धरा. पण एकच कोपरा कोरडा असेल तर सरासरीत तो लपतो. म्हणून प्रत्येक लॉटमधला एक नग डायमंड कटरने कोपऱ्यात कापा, पॉलिश करा, डाय पेनिट्रंट (छिद्रांत शिरणारा लाल रंग) लावून पुसा. डेव्हलपर (तो रंग बाहेर ओढणारी पांढरी पूड) फवारल्यावर लाल ठिपके उमटले तर लॉट परत.

अल्युमिनियमचा कोणता मिश्रधातू ओतायचा ते पीओत (खरेदी ऑर्डरीत) लिहून द्या. सांगितलं नाही तर हाताशी असलेला एलएम25 वापरतात. त्यात सिलिकॉन सात टक्केच, म्हणजे अगदी काठावर. सिलिकॉन कमी आणि धातू जास्त वेळ तापलेला असेल तर अल्युमिनियम कार्बाइड तयार होतं, ओल लागली की ते फुटतं, आणि नाशिकच्या श्रावणात ओलीला काय तोटा! कापलेल्या कडेवर पांढरट भुकटी दिसली तर हेच झालंय समजावं. 10 ते 13 टक्के सिलिकॉनचा एलएम6 मागा.

आटे नंतर पाडू म्हणाल तर टॅप, ड्रिल दोन्ही जातील. जिथे आटे हवेत तिथे वडीत भोक ठेवायला सांगा. ते नुसत्या अल्युमिनियमने भरतं आणि साध्या टॅपने काम होतं. हे ते नीट करतात, मान्य करायला हवं.

प्लेटच्या दोन्ही अंगांवर राहणारी अल्युमिनियमची साय, म्हणजे नुसत्या धातूचा पातळ थर, मात्र मोजून घ्या. एका बाजूला जाड, दुसरीला पातळ राहिली की तापल्यावर प्लेट वाकते, आणि ग्राइंडिंगवाले एकच बाजू घासून देतात तेव्हा हमखास असंच होतं.

डायचा खर्च वेगळा लावतात. पाच-दहा नगांसाठी तो परवडत नाही.