डीएलपी लाइटक्राफ्टर ६५००: लेझरसाठी घेण्याआधी तरंगलांबी बघा

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा हा इव्हॅल्युएशन बोर्ड (चिप आजमावून बघण्यासाठीचा तयार बोर्ड) मुळात प्रोजेक्टर आणि थ्रीडी स्कॅनर बनवणाऱ्यांसाठी आहे, पण भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत लेझर बीमला आकार द्यायला तो सर्रास वापरतात. त्याच्या चिपवर १९२० बाय १०८० सूक्ष्म आरसे आहेत आणि शेजारच्या दोन आरशांच्या केंद्रांत ७.५६ मायक्रॉन अंतर आहे. प्रत्येक आरसा एक तर +१२ अंशांवर असतो, नाही तर −१२ अंशांवर. मधली स्थिती नाही. सोबत दिवा किंवा लेन्स येत नाही, त्यामुळे लेझर लावण्याआधी काही उचकटावं लागत नाही. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरसाठी हा बोर्ड बिनधास्त घ्या. ७८० साठी घेऊ नका.

याचं कारण असं की लेझरच्या दृष्टीने ही चिप म्हणजे निव्वळ आरसा नव्हे, ती ब्लेझ्ड ग्रेटिंग आहे: ओळीने मांडलेले तिरके आरसे प्रकाश ठरावीक दिशांना, म्हणजे ‘ऑर्डर’मध्ये, वाटतात, आणि आरशाचा कल त्यातल्या एका दिशेशी जुळला की बहुतेक प्रकाश तिकडेच जातो. आरसे कर्णाभोवती कलतात, म्हणून ग्रेटिंगचं अंतर ७.५६ भागिले √२, म्हणजे ५.३५ मायक्रॉन धरायचं. प्रकाश २४ अंशांनी आत आला तर कललेला आरसा तो चिपला काटकोनात बाहेर फेकतो. या कोनाला ५३२ साठी ऑर्डरचा आकडा ४.०९ येतो. तो चारच्या अगदी जवळ असल्याने बहुतेक प्रकाश एकाच ठिपक्यात जातो. आत येणारा कोन २८-२९ अंशांपर्यंत नेलात की चौथी ऑर्डर नेमकी जुळते. ६३३ ला हाच आकडा ३.४४ आहे, म्हणजे सर्वांत वाईट जागेच्या जवळ. तिथे प्रकाश चार ठिपक्यांत वाटला जातो आणि तुम्ही वापरणार त्यातला एकच. कोन ४३ अंशांवर नेऊन तिसरी ऑर्डर पकडता येते, पण मग बीम लंबापासून सुमारे १९ अंश दुसऱ्या बाजूला निघतो, प्रतिमेचं प्रतल तिरकं होतं आणि मध्यभाग फोकसमध्ये असताना कडा धूसर दिसतात. ७८० ला तिसरी ऑर्डर कोणत्याच कोनाला जुळत नाही. दुसरीसाठी ५७ अंश लागतात, आणि इतक्या तिरक्या कोनात काम करणं व्यवहार्य नाही. ७८० साठी याच कंपनीची डीएलपी९५०० ही चिप बघा. त्यातलं अंतर १०.८ मायक्रॉन आहे आणि २३ अंशांच्या आसपास चौथी ऑर्डर छान बसते.

हे तपासायला मोजमापाची गरजही नाही. सगळे आरसे ‘ऑन’ करा, बीम टाका आणि अर्ध्या मीटरवर पांढरा कागद धरा. ठिपक्यांची जाळी दिसेल. एक ठिपका ठळक आणि बाकीचे फिके असतील तर कोन बरोबर आहे. चार सारखेच उजळ असतील तर बोर्ड हळूहळू फिरवत राहा.

आरसे कर्णाभोवती कलत असल्याने बोर्ड सरळ उभा केला तर बीम टेबलाला समांतर न राहता वर किंवा खाली जातो. चिप ४५ अंशांत फिरवून बसवा आणि पॅटर्न सॉफ्टवेअरमध्ये उलट ४५ अंश फिरवून घ्या. चिपचा बोर्ड लवचिक केबलने ड्रायव्हरपासून वेगळा आहे, त्यामुळे माउंट बनवणं सोपं जातं. केबलवर ताण येणार नाही एवढं बघा.

आता पॅटर्न. चिपची प्रतिमा थेट नमुन्यावर छोटी करून पाडायची असेल तर ती भरपूर छोटी करा. ०.५ एनएच्या (न्यूमेरिकल अॅपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेतं त्याचं माप) ऑब्जेक्टिव्हने ५३२ वर शंभरपट लहान केलं की भिंगाला पाडता येणाऱ्या सर्वांत लहान ठिपक्याच्या व्यासात साधारण १७ आरसे मावतात. त्यातले काही बंद ठेवून राखाडी छटा मिळतात, त्यासाठी फ्लॉइड–स्टाइनबर्ग डिदरिंग (राखाडी छटा चालू-बंद ठिपक्यांत वाटून देण्याची पद्धत) पुरेसं आहे. इथे हमखास एक गफलत होते. लेझरमध्ये आरशांच्या तीव्रतांची बेरीज होत नाही, विद्युतक्षेत्रांची होते. अर्धे आरसे चालू असले की तीव्रता अर्धी नाही, पाव होते. म्हणून हव्या त्या तीव्रतेचं वर्गमूळ काढून मग डिदर करा.

फेजही (प्रकाशलहर आपल्या चक्रात कुठे आहे तेही) ठरवायची असेल तर ली होलोग्राम करा: आरशांवर बारीक पट्ट्या काढायच्या, पट्ट्या सरकवून फेज आणि त्यांची जाडी बदलून अॅम्प्लिट्यूड (लहरीची उंची) ठरवायचा, मग लेन्सच्या फोकल प्रतलात आयरिस (लहानमोठं करता येणारं छिद्र) लावून पहिली ऑर्डर तेवढी पुढे सोडायची. पट्ट्या आरशांच्या ओळींना समांतर ठेवू नका. दर चार आरशांनी पुन्हा येणारी पट्टी समांतर असेल तर फेजच्या फक्त चार पायऱ्या मिळतात. थोडी तिरकी केली की कितीतरी जास्त मिळतात. किंमत मात्र जबर आहे: अर्ध्या-अर्ध्या पट्ट्यांच्या पहिल्या ऑर्डरमध्ये जास्तीत जास्त १/π², म्हणजे दहा टक्के प्रकाश जातो. त्यात चिपचा स्वतःचा तोटा धरला की हाती आणखी कमी उरतं. प्रकाश मोजूनमापून मिळत असेल तर लिक्विड क्रिस्टलचा एसएलएम (प्रकाशाची फेज बिंदूगणिक बदलणारा पडदा) बरा. वेग हवा असेल तर असे एसएलएम सहसा याच्या जवळपासही येत नाहीत: हा बोर्ड सेकंदाला ९,५२३ बायनरी पॅटर्न दाखवतो.

हा वेग फक्त मेमरीत आधी भरलेल्या पॅटर्नना मिळतो, आणि मेमरीत जास्तीत जास्त ४०० बायनरी पॅटर्न मावतात. चोवीस पॅटर्न मिळून एक २४ बिटांची प्रतिमा बनते. यूएसबी जोडणी संथ आहे. डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवता येतो, पण डिदर केलेला पॅटर्न दाबला जातच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून भरायला वेळ लागतो. प्रतिमा शेवटून पहिलीकडे, अशा उलट्या क्रमाने पाठवायच्या; क्रम चुकला की पॅटर्न भलत्याच जागी उमटतात. ट्रिगरला (बाहेरून पॅटर्न बदलायचा इशारा देण्याच्या जोडणीला) ५ व्होल्टचा पल्स थेट जोडू नका, आधी मॅन्युअलमधली पातळी बघा.

थंड अणूंवर काम करणाऱ्यांना सर्वांत जास्त त्रास होतो तो लुकलुकण्याचा. पॅटर्न स्थिर ठेवला तरी बोर्ड आरशांना ठरावीक काळाने पुन्हा पल्स देतो आणि किलोहर्ट्झच्या पट्ट्यात प्रकाश थरथरतो. ट्रॅपची (प्रकाशाने अणू अडकवून ठेवण्याच्या सापळ्याची) वारंवारता त्याच पट्ट्यात असेल तर अणू तापतात. प्रयोगाच्या नेमक्या काळात हे पल्स अडवणारं सर्किट जोडता येतं आणि ते उत्तम काम करतं. तेवढा वेळ संपला की पल्स परत सुरू करा. आरसे एकाच बाजूला कायम टेकून राहिले तर बिजागरीला तीच सवय लागते, म्हणून मधल्या रिकाम्या वेळात उलटा (चालू आरसे बंद, बंद आरसे चालू असा) पॅटर्न चालवत ठेवा.

चिपवरच्या काचेचं कोटिंग ४२० ते ७०० नॅनोमीटरसाठी आहे. १०६४ टाकलात तर काचेच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे बीमवर पट्टे उमटतात आणि ते पॅटर्न बदलून पूर्ण जात नाहीत. चिप पूर्ण सपाटही नसते, म्हणून होलोग्राम करणाऱ्यांनी आधी तिचा फेज नकाशा काढावा: मधला एक छोटा चौकोन संदर्भ म्हणून चालू ठेवा, बाकीचे चौकोन एकेक करून चालू करा, दोन्हींची व्यतिकरण पट्टी कॅमेऱ्यावर किती सरकली ते नोंदवा आणि तेवढी फेज प्रत्येक पॅटर्नमधून वजा करा. बोर्ड माउंटमधून हलवला की हा नकाशा नव्याने काढावा लागतो.