पिस्टन घ्यावी की डीआय? दोन्ही वापरून झाल्यावर लिहितोय

सेमी ऑटो रायफल, म्हणजे घोडा ओढला की एक गोळी मारून पुढचं काडतूस आपोआप भरणारी, घ्यायची म्हटलं की पहिला वाद हाच निघतो: गोळीमागच्या गॅसने पिस्टन, म्हणजे दट्ट्या, ढकलून चालणारी घ्यावी की तो गॅस नळीतून थेट मागे आणणारी डीआय, म्हणजे डायरेक्ट इम्पिंजमेंट. पिस्टनवाले म्हणतात डीआय स्वतःच्याच ताटात घाण करते, डीआयवाले म्हणतात पिस्टन म्हणजे उगाच वजन आणि उगाच खर्च. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही एआर-१५ या अमेरिकन रायफलच्या घडणीच्या, दोन्ही ५.५६ मिमी काडतुसाच्या, दोन्हींची बॅरल १६ इंची, त्यामुळे तुलना करायला बरं पडतं कारण फरक जवळजवळ फक्त गॅसच्या भागातच आहे. चार वर्षं आलटून पालटून रेंजवर नेतोय. एवढं वापरल्यावर माझं मत असं झालंय की गॅस कुठल्या रस्त्याने येतो यावर लोक तासन् तास भांडतात आणि गॅस किती येतो हे कोणी विचारतच नाही, आणि रायफल चांगली चालणार की त्रास देणार हे जास्त करून त्यावरच ठरतं.

आधी काम कसं चालतं ते, कारण ते समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. गोळी बॅरलमधून पुढे जाताना तिच्या मागे प्रचंड दाबाचा गॅस असतो. बॅरलला वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, गोळी ते ओलांडून गेली की थोडा गॅस त्या भोकातून वर येतो. डीआयमध्ये तो एका बारीक स्टीलच्या नळीतून थेट मागे बोल्ट कॅरियरमध्ये जातो; बोल्ट म्हणजे काडतूस बसतं ते चेंबर मागून दातांनी अडकवून बंद करणारा तुकडा, आणि कॅरियर म्हणजे त्याला घेऊन मागेपुढे सरकणारा भाग. पिस्टनमध्ये तो तिथेच पुढे एका दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या रॉडला, रॉड कॅरियरला, आणि उरलेला गॅस पुढच्या पुढेच बाहेर. कॅरियर मागे गेला की बोल्ट फिरून सुटतो, पुंगळी बाहेर फेकली जाते, मागची स्प्रिंग कॅरियरला परत पुढे ढकलते आणि येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये. झालं.

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. एआर-१५ ला आपण सगळे डीआय म्हणतो पण खरं डीआय ते नाहीच. खरं डीआय म्हणजे स्वीडनची ल्युंगमन, १९४२ ची, किंवा फ्रेंचांची एमएएस-४९, त्यात नळीतून आलेला गॅस सरळ कॅरियरवर आपटतो आणि तेवढ्यानेच तो मागे जातो. एआर-१५ ची ही पद्धत काढणाऱ्या यूजीन स्टोनरने १९५६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा त्यातच लिहिलं होतं की ही नेहमीची गॅस आपटणारी पद्धत नाही. त्याच्या डिझाइनमध्ये गॅस कॅरियरच्या पोटात जाऊन फुगतो, बोल्टची मागची शेपटी हाच दट्ट्या आणि कॅरियर हा सिलेंडर. बोल्टवर तीन बारीक रिंगा असतात त्या त्यासाठीच, इंजिनच्या पिस्टनला असतात तशाच. आणि सगळा जोर बॅरलच्या सरळ रेषेत लागतो. किती विचार करून केलेलं काम आहे हे, गॅस कॅरियरला मागे ढकलतो आणि त्याच वेळी बोल्टला पुढे रेटतो, त्यामुळे बोल्ट सुटताना त्याच्या दातांवरचा ताण हलका होतो. काम झालं की जास्तीचा गॅस कॅरियरच्या उजव्या बाजूच्या दोन भोकांतून बाहेर. ज्यांना ही फक्त कचरा मागे आणणारी नळी वाटते त्यांनी एकदा कॅरियर हातात घेऊन नीट बघावा.

पिस्टनमध्येही दोन प्रकार आहेत. गॅरंड आणि कलाश्निकोव्हच्या रायफलीत पिस्टन कॅरियरबरोबर पूर्ण मागेपर्यंत जातो, लाँग स्ट्रोक. एफएन फालमध्ये, १९६० च्या दशकातल्या एआर-१८ मध्ये आणि आताच्या एचके ४१६ मध्ये शॉर्ट स्ट्रोक, म्हणजे पिस्टन थोडंसं सरकून कॅरियरला टोला देतो आणि थांबतो, पुढचं काम कॅरियर आपल्या वेगानेच करतो. आज एआरच्या घडणीत जी पिस्टन रायफल मिळते ती बहुतेक शॉर्ट स्ट्रोकच असते, माझी पण तीच.

साफसफाईत पिस्टन जिंकते, त्यात वाद नाही. दोनशे गोळ्या मारून आलो की डीआयचा बोल्ट काळाकुट्ट, शेपटीवर काजळीचा कडक थर, ऑइल काळं पातळ होऊन सगळीकडे पसरलेलं. पितळी खरवडणीने तो थर काढायला बसलं की पाऊण तास सहज जातो. पिस्टनचा बोल्ट बाहेर काढला तर कापडाने पुसून चालतं, आणि दोन-तीन मॅगझिन संपल्या संपल्या हात लावला तरी चटका बसत नाही, डीआयचा कॅरियर तेव्हा हातात धरवत नाही. पण घाण कुठे गायब होत नाही हं, ती पुढे पिस्टनच्या टोपीत आणि बॅरलच्या भोकावरच्या गॅस ब्लॉकमध्ये जमते, तिथे ती भाजून दगडासारखी होते आणि बॅरलच्या पुढचा भाग, हँडगार्डचं टोक, तिकडे जास्त तापतं. पुढचा पिस्टन काढून साफ करायला लोक कंटाळा करतात आणि मग एक दिवस तो अडकून बसतो.

बाकी डीआय काजळीने बंद पडते हे मला तरी दिसलं नाही, ती कोरडी पडली की बंद पडते. मी मुद्दाम साफ न करता नुसतं ऑइल घालत घालत बऱ्याच वेळा रेंजवर नेली, चालत राहिली. शेपटीवरची काजळी एका जाडीपर्यंत वाढते आणि मग पुढे वाढत नाही. पण एकदा छान साफ करून ऑइल घालायचं राहिलं, तर तिसऱ्याच मॅगझिनला अडकायला लागली. कॅरियरच्या बाजूच्या भोकांतून दोन-दोन थेंब सोडले, परत सुरू.

धुळीच्या टेस्टचा दाखला सगळे देतात, तो पण नीट बघा. २००७ च्या शेवटी अमेरिकन सैन्याने ॲबर्डीनच्या चाचणी मैदानावर चार प्रकारच्या रायफली धुळीत घोळवून चालवल्या, प्रत्येक प्रकाराच्या ६०,००० गोळ्या. एम४, म्हणजे एआर-१५ च्याच घराण्यातली डीआय, ८८२ वेळा अडकली, एचके ४१६ २३३ वेळा, स्कार २२६ वेळा आणि एक्सएम८ १२७ वेळा. बाकीच्या तिन्ही पिस्टन. आकडे खरेच आहेत आणि पिस्टनच्या बाजूनेच आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्या ८८२ मधल्या २३९ मॅगझिनमुळे होत्या, आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात तशाच टेस्टमध्ये एम४ फक्त ३०७ वेळा अडकली होती. तीच रायफल, तीच धूळ, आणि आकडा जवळपास तिप्पट. म्हणून एका टेस्टवर घर बांधू नका.

व्हिएतनामचं पण तसंच. एम१६, म्हणजे एआर-१५ चंच सैन्यातलं रूप, तिथे अडकायची आणि जवान मेले, ही फार वाईट गोष्ट झाली, पण दोष नुसत्या नळीचा नव्हता. काडतुसातली दारू बदलली, चेंबरला क्रोम नव्हतं त्यामुळे गंज धरून पुंगळ्या चिकटायच्या, आणि जवानांना साफसफाईचं सामानच धड दिलं नव्हतं. क्रोम केलं, सामान दिलं, शिकवलं, आणि तीच रायफल पुढे अनेक दशकं चालली.

आता गॅस किती याबद्दल. बॅरलचं भोक चेंबरच्या जितकं जवळ तितका दाब जास्त. कार्बाइन लेंथ या छोट्या मापात ते साधारण ७ इंचावर असतं, मिड लेंथमध्ये ९ आणि रायफल लेंथमध्ये १२. बऱ्याच कंपन्या १६ इंची बॅरलला कार्बाइन लेंथच लावतात आणि वर भोक पण मोठं ठेवतात, म्हणजे कसलंही स्वस्त काडतूस घातलं तरी चालेल आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन येणार नाही. पण मग कॅरियर गरजेपेक्षा जोरात मागे जातो, धक्का जास्त लागतो, पुंगळी पुढच्या बाजूला फेकली जाते, पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर आणि बोल्ट लवकर झिजतात. माझी डीआय मिड लेंथची आहे आणि एका मित्राची कार्बाइन लेंथची, दोन्ही लागोपाठ मारून बघा, डोळे मिटून पण फरक कळतो, हा फरक मला पिस्टन आणि डीआयमधल्या फरकापेक्षा मोठा वाटला.

पिस्टनचा स्वतःचा एक दोष म्हणजे कॅरियर वाकडा होणं. रॉडचा टोला कॅरियरच्या वरच्या टोकाला बसतो, मधोमध नाही, त्यामुळे त्याची मागची बाजू खाली झुकते आणि मागच्या स्प्रिंगच्या नळीच्या, म्हणजे बफर ट्यूबच्या, तोंडाशी घासते. माझी पहिली पिस्टन ही साध्या एआरवर नंतर बसवलेली किट होती, कंपनीचं नाव घेत नाही, पाचशे गोळ्यांत ट्यूबच्या खालच्या कडेला नखाने कळेल असा खड्डा पडला. विकून टाकली. आताच्या चांगल्या पिस्टन रायफलींमध्ये कॅरियरला मागे खालून थोडा फुगवटा दिलेला असतो, त्याने हे बरंच थांबतं. घेताना तो बघाच.

डीआयनेही मला एकदा दगा दिलाय. कॅरियरवरची गॅस की, म्हणजे नळीतला गॅस आत घेणारा तुकडा, दोन स्क्रूंनी बसवलेली असते आणि ते स्क्रू फिरू नयेत म्हणून बाजूचं लोखंड ठोकून त्यात दाबलेलं असतं. माझ्या कॅरियरला ते नावापुरतंच ठोकलं होतं, स्क्रू ढिले झाले, गॅस गळायला लागला आणि कॅरियर पूर्ण मागेच जाईना. आठवडाभर मी दोष मॅगझिनचाच समजून ती बदलत बसलो होतो.

वजनाचं म्हणाल तर पिस्टनचं जास्तीचं वजन सगळं पुढे येतं, तास-दोन तास उभ्याने मारलं की डावा खांदा सांगतो. अचूकतेत मला दोन्हींत सांगण्यासारखा फरक मिळाला नाही.

सप्रेसर, म्हणजे बॅरलच्या तोंडावर लावायचा आवाज दाबणारा डबा, लावणार असाल तर मात्र चित्र बदलतं. त्याने दाब जास्त वेळ टिकतो, डीआयमध्ये गॅस जास्त मागे येतो, कॅरियर हाताने मागे ओढायच्या चार्जिंग हँडलच्या फटीतून तोंडावर येतो, डोळे चुरचुरतात. पिस्टनमध्येही चेंबरच्या वाटेने थोडा येतोच पण बराच कमी, आणि गॅस कमी-जास्त करायची चावी बहुतेक पिस्टन रायफलींना आधीच असते. छोटी बॅरल आणि कायम सप्रेसर असेल तर मी पिस्टनच घेईन, विचार न करता. फ्रान्सने २०१६ मध्ये आपल्या जुन्या फामास रायफलच्या जागी एचके ४१६ घेतली, नॉर्वेने त्याच्याही आधी, ते काही उगाच नाही.

पण १६ इंची बॅरल, सप्रेसर नाही, महिन्यातून दोनदा रेंज, अशांसाठी मिड लेंथ डीआयच घ्या. तिचे पार्ट एकमेकांत बसतात, कुठल्याही चांगल्या कंपनीचा बोल्ट आणा, चालतो. पिस्टनचं तसं नाही, प्रत्येकाचा रॉड वेगळा, कॅरियर वेगळा, उद्या कंपनीने ते मॉडेल बंद केलं तर बसा शोधत.

जुनी डीआय घेत असाल तर एवढं करा. रायफल रिकामी आहे याची खात्री करून कॅरियर बाहेर काढा, बोल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि कॅरियर बोल्टच्या तोंडावर उभा ठेवा. तसाच उभा राहिला तर रिंगा ठीक. स्वतःच्या वजनाने खाली बसला तर रिंगा गेल्यात, स्वस्तात येतात, बदलून घ्या. मग गॅस कीचे स्क्रू बघा.