वास्कोतला रीसेल फ्लॅट: अकरा महिने आणि एक भिंत

वास्कोत मांगोरला टू बीएचके घेऊन अकरा महिने झाले. कार्पेट म्हणजे घराच्या आतली जागा, सुपर बिल्टअप म्हणजे जिना-लिफ्टचा वाटा धरून, सगळ्यांना माहीत आहे, एजंटच्या तोंडचे 92 चौरस मीटर टेप लावल्यावर 68 भरतात, ते सोडा. रीसेल घेतला कारण ओसी (राहायला परवानगीचा दाखला) आलेल्या घराला जीएसटी नाही, बांधकाम चालू असेल तर 5 टक्के, तेवढे वाचवले म्हणून स्वतःवरच खूश होतो.

कागदपत्रं अडली ती बायकोवर, म्हणजे विकणाऱ्याच्या. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कायदा, नवरा-बायकोची मिळकत सामाईक, एकट्याच्या सहीने फ्लॅट विकता येत नाही. विकणारा तारवटी, बोटीवरून सुट्टीला आलेला, बायको कुवेतला. तिचं मुखत्यारपत्र येईपर्यंत त्याची सुट्टी संपत आली आणि माझी नखंही.

फ्लॅट बघितला डिसेंबरात. इथेच फसलो, डिसेंबरात गोव्यातली कुठलीही भिंत देखणीच दिसते.

जूनमध्ये पश्चिमेची झड लागली आणि बेडरूमच्या खिडकीखाली पुरीएवढा डाग आला, मग भाकरीएवढा, जुलैत कपाटामागे बुरशी आणि बायकोच्या लग्नातल्या शालूवर हिरवी पावडर. वरची आंटी म्हणाली, "पुता, हांगा पावसांत सगळ्यांच्यो वणटी रडटात." अगो पण तुझी भिंत रडत नाही ना!

बिल्डर म्हणे तुम्ही माझं गिऱ्हाईकच नाही. बिल्डिंग तीन वर्षांची, रेरा म्हणजे घरखरेदीच्या कायद्याप्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो, आणि रीसेलवाल्यालाही तो हक्क आहे. हे सांगितल्यावर एक पोरगा आला, मोबाईलवर फोटो काढले, "पावसानंतर बघू" म्हणून गेला तो गेलाच. वॉटरप्रूफिंगवाल्याने 38 हजार सांगितले. त्या भिंतीपायी मी रात्री दोनला उठून टॉर्च मारून बघायचो.

इथपर्यंत ऑगस्टमध्ये लिहून ठेवलं होतं, तेव्हा एक स्टार देणार होतो.

आता पुढचं. तळमजल्यावर हुबळीचा मेस्त, म्हणजे गवंडी, राहतो, गणपतीच्या आधी भर पावसात त्याला वर बोलावलं. त्याने भिंतीला हातही लावला नाही, खिडकीतून डोकं बाहेर काढून छज्जा खालून बघितला. छज्ज्याच्या खालच्या कडेला एक खाच लागते, पाणी तिथे तुटून खाली पडतं. आमच्याकडे खालचं प्लास्टर सपाट, त्यामुळे पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून उलटं भिंतीकडे येतं आणि चौकटीच्या फटीतून आत. उघडीप मिळाल्यावर त्याने पाणी तुटायला कडेला सिमेंटची बारीक पट्टी बसवली, फटी सिलिकॉनने भरल्या, तीन खिडक्यांचे 2,200 रुपये. ऑक्टोबरात परतीचा पाऊस धो धो पडला, भिंत कोरडी ठणठणीत. मी दोनदा गाल लावून बघितला, बायको हसत होती.

बाकी राहायला झकास. समोर केरळचं कुटुंब, पहिल्यावर ओडिशाचा नेव्हीवाला, सोसायटीची मीटिंग हिंदीत सुरू होते आणि भांडण आपापल्या भाषेत. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की सगळे एकाच जिन्यात. श्रावणात दामोदराच्या भजनी सप्ताहाला चालत जातो, पार्किंगची कटकट नाही. लिफ्ट बरी आहे, पाण्याचा प्रेशर नाही.

तर साडेतीन स्टार. अर्धा स्टार शालूसाठी कापला, ड्रायक्लीनिंगलाच 600 गेले.

मेस्ताचा नंबर आता तिघांनी मागितलाय. अजून दिला नाही, माझी किचनची खिडकी बाकी आहे.