नेड राइटचा कॉस्मॉलॉजी कॅल्क्युलेटर: रूपडं जुनाट, काम चोख

लॉगिन नाही, जाहिरात नाही, 'प्रीमियम घ्या' म्हणून मागे लागणं नाही, पान उघडलं की थेट आकडे टाकायचे आणि विश्वाचं वय न दीर्घिकांची अंतरं काढायची, त्यामुळे पहिला स्टार तिथेच देऊन टाकला. यूसीएलएचे नेड राइट, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या कोबी उपग्रहावर काम केलेले आणि नंतर वाइज ह्या इन्फ्रारेड दुर्बिणीच्या मोहिमेचे प्रमुख असलेले, त्यांनी हा बनवलाय आणि २००६ साली त्यावर रीतसर पेपरही छापलाय. दिसायला अगदीच जुन्या जमान्यातला, डावीकडे चार खोके न तीन बटणं, उजवीकडे उत्तरं, बस्स. डिझाइनवाल्यांनी बघू नये.

खरी मजा पहिल्या खोक्यात आहे, तिथे हबल स्थिरांक, म्हणजे विश्व किती वेगाने फुगतंय तो आकडा, टाकायचा. तो ७० धरला तर ३२.६ लाख प्रकाशवर्षं लांबची दीर्घिका सेकंदाला ७० किमीने लांब जातेय, दुप्पट लांबची दुप्पट वेगाने, असा हिशोब. आता ह्या एका आकड्यावरून गेली कित्येक वर्षं भांडण चालू आहे ते तुम्हाला माहीत असेलच. प्लांक उपग्रहाने विश्वाच्या बाल्यातल्या प्रकाशावरून काढलं ६७.४, आणि अॅडम रीस यांच्या टीमने ठराविक तालात कमी-जास्त उजळणारे सेफिड तारे आणि सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, अशी अंतरं मोजायची शिडी चढत चढत काढलं ७३.०४, दोघांची एरर एवढी लहान की मधली दरी नुसत्या योगायोगाने पडली म्हणायला जीभ रेटत नाही. वेंडी फ्रीडमन यांचा गट जेम्स वेबच्या निरीक्षणांवरून ७० च्या आसपास येतो, म्हणजे अजून तिसरी पार्टी. कॅल्क्युलेटरमध्ये आधीपासून भरलेला आकडा ६९.६, दोघांच्या मधोमध, कुणाला दुखवायला नको!

तर ६७.४ टाका, पदार्थाचं प्रमाण (विश्वातल्या एकूण ऊर्जेत पदार्थाचा वाटा) ०.३१५ ठेवा, फ्लॅट म्हणजे सपाट विश्वाचं बटण दाबा, वय येतं १३.८ अब्ज वर्षं. मग फक्त पहिला आकडा ७३ करा, वय धाडकन १२.७ वर. बरेच जण इथेच थांबतात आणि 'विश्वाचं वय चुकलं' म्हणून फॉरवर्ड करत सुटतात. पण थांबा ना जरा, प्लांक जे पक्कं मोजतो ते पदार्थाचं प्रमाण गुणिले हबल स्थिरांकाचा वर्ग, म्हणजे एक वाढवला की दुसरा कमी करायलाच लागतो, म्हणून ०.३१५ च्या जागी ०.२६८ टाका, वय १३.३ वर येतं. भांडण संपत नाही, पण एक अब्जाचा गोंधळ अर्ध्या अब्जावर येतो, आणि ह्या दोन क्लिकमध्ये मला जे कळलं ते अख्ख्या व्याख्यानात कळलं नव्हतं.

अजून एक गंमत करून बघाच. १९२९ मध्ये खुद्द एडविन हबलने काढलेला आकडा ५०० च्या आसपास होता, तो टाका, वय येतं जेमतेम १.९ अब्ज, आणि पृथ्वीच साडेचार अब्ज वर्षांची, म्हणजे लेकीपेक्षा आई लहान! सेफिड दोन जातींचे असतात हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये दाखवलं तेव्हा अंतरं एकदम दुप्पट झाली आणि आकडा झपकन खाली आला.

नव्या माणसाची भंबेरी उडते ती अंतरांवर. बाकीचे आकडे पानावर मूळचे होते तसे ठेवून रेडशिफ्ट (विश्व फुगताना प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) ३ टाकला की प्रकाशाचा प्रवास ११.५ अब्ज वर्षांचा, ती दीर्घिका आत्ता आहे २१.१ अब्ज प्रकाशवर्षांवर, आणि ल्युमिनॉसिटी अंतर, म्हणजे ती किती मंद दिसते त्यावरून काढलेलं, म्हणे ८४.६ अब्ज! चुकीचं एकही नाही, प्रत्येकाचं काम वेगळं, पण पान हे काही समजावत बसत नाही, ती माहिती राइट यांच्याच ट्यूटोरियलमध्ये शोधायला लागते. बातम्यांत प्रवासाच्या वेळेलाच अंतर म्हणून छापतात ह्यावर त्यांनी तिकडे वेगळं पान लिहून राग काढलाय, वाचण्यासारखं आहे.

जवळच्या दीर्घिकांसाठी मात्र ह्याच्या नादी लागू नका. शेजारची अँड्रोमेडा दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येतेय, तिथे हा काय करणार. थोड्या लांबच्यांनाही शेजाऱ्यांच्या ओढीमुळे स्वतःचा शेकडो किमीचा वेग असतो, तो आधी वजा करूनच रेडशिफ्ट भरायचा. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे धडकले त्या घटनेसाठी मी तसं करून बघितलं, दुरुस्त रेडशिफ्ट ०.०१ आणि स्थिरांक ७० टाकला तर ल्युमिनॉसिटी अंतर ४३ मेगापार्सेकच्या (एक मेगापार्सेक म्हणजे तेच ३२.६ लाख प्रकाशवर्षं) आसपास येतं, आणि त्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरींवरून शिडीबिडी काही न वापरता थेट काढलेलं अंतरही साधारण तेवढंच. तेव्हा त्यावरून स्थिरांक ७० आला, पण एरर वर १२ न खाली ८, म्हणजे दोन्ही पार्ट्या खूश. अशा टकरी भरपूर सापडल्या तर एरर आवळत जाईल, आणि त्यात आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया ह्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचाही हात असेल, २०२३ मध्ये केंद्राने त्याला २६०० कोटींची मंजुरी दिलीय.

साडेचार स्टार. हजारभर दीर्घिकांचा हिशोब एकदम करायचा असेल तर पायथन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं अॅस्ट्रोपाय हे खगोलशास्त्राचं पॅकेज घ्या, इथे एकेक रेडशिफ्ट टाकत बसलात तर बोटं दुखतील.